चावीवाल्याची देदीप्यमान कारकीर्द

'देदीप्यमान' हा शब्द भूक लागलेल्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. आमटी फक्कड होते, ऊन कडक असतं, मुलगी देखणी असते. पण "वहिनी, आजची भरली वांगी देदीप्यमान झालीत" असं कोणी म्हणालाच, तर वहिनी त्याला ताटावरून उठवतील आणि डॉक्टरकडे धाडतील. हा शब्द हार गळ्यात पडलेल्या, खुर्चीत अवघडून बसलेल्या माणसासाठी राखीव आहे. कारकीर्द देदीप्यमान असते, यश देदीप्यमान असतं, परंपरा तर असतेच असते. मूळ संस्कृत. नुसतं उजळणं नव्हे, पुन्हा पुन्हा, भपाभपा उजळणं.

हे मला कळायचं कारण मी मानपत्रं लिहितो. निवृत्ती, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, काहीही असो, लोक म्हणतात, "दिगंबरकाकांना सांगा." माझं एक मानपत्र ऐकून एका हेडमास्तरांचा मधुमेह उतरला होता. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा म्हटलं असतं, पण ते आता नाहीत.

आमची सौख्यधाम सोसायटी स्वारगेटच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी आहे. खडकवासल्यात पाणी किती उरलं हे आमच्याकडेही लोक क्रिकेटच्या धावांसारखं विचारतात, पण ते केवळ सवयीने. आमची टाकी कधी रिकामी झालीच नाही. ज्या उन्हाळ्यात अख्ख्या पुण्याने दिवसाआड अंघोळ केली, त्या उन्हाळ्यात आमची गच्चीवरची टाकी इतकी वाहिली की कावळे पोहायला शिकले. एकाला तर मी उताणं पडून तरंगताना पाहिलंय.

ह्याचं श्रेय महिपतीचं. महिपती चावीवाला. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, माणसाच्या उंचीची चावी आत घालायची आणि पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायचा, हे त्याचं काम. आधी आमचा व्हॉल्व्ह उघडायचा. तो बंद केला की मग टेकडीवरच्या वस्तीचा. आमचा व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा जरा उशिरा बंद व्हायचा. रोज. वर्षानुवर्षं.

त्यासाठी त्याने कधी काही घेतलं नाही. दिवाळीला मिठाईचा पुडासुद्धा हात जोडून परत करायचा. आम्ही त्याला दिलं ते एवढंच: आमचे सेक्रेटरी श्यामसुंदरराव, निवृत्त बँक मॅनेजर, त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला "अहो महिपतराव" अशी हाक मारली, खुर्ची दिली आणि कपबशीतून चहा दिला. पुण्यात आम्ही 'अहो' म्हणतो ते पुष्कळदा समोरच्याला टोमणा मारण्याआधी. पण महिपती धाराशिवकडून आलेला. त्याला ते खरं वाटलं.

तो निवृत्त व्हायच्या महिन्यात सोसायटीने त्याचा सत्कार ठरवला, आणि एका दुपारी तो माझ्याकडे आला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"काका, मानपत्र तुमीच लिवणार म्हनं."

"लिहिणार. काय काय घालू?"

"बाकी काय बी घाला. एक शब्द तेवढा पायजे." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्या साहेबांच्या निरोपाला एक मॅडम म्हनल्या होत्या. देदी... देदीप..."

"देदीप्यमान."

"त्योच! अर्थ काय वो त्याचा?"

"झगझगीत. बघणाऱ्याचे डोळे दिपतील असं."

तो शब्द त्याने ओठांत एकदा घोळवून बघितला. मग म्हणाला, "इंदूबाईला ऐकवायचाय."

इंदूबाई म्हणजे त्याची बायको. ती दोघं टेकडीवरच्याच वस्तीत राहतात हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी त्याला रोज बघत होतो, पण चावी खांद्यावर टाकून तो जातो कुठे, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"वर तर टँकर येतो ना?" मी म्हटलं.

"येतो की. इंदूबाई बी असती रांगेत. बायका बोलत्यात तिला रोज, नळवाल्याची बायको अन् हंडा घेऊन टँकरम्होरं! म्या काय करू? पाणी चढत न्हाई वर. प्रेशरच न्हाई." हे त्याने इतक्या वेळा सांगितलेलं असावं की ते सांगताना त्याला विचार करावा लागला नाही. "तिला वाटतंय माजी नोकरी म्हंजी नुसतं गोलगोल फिरवायचं. एकदा तिनं मोठ्या मानसांच्या तोंडून ऐकलं ना काका, की आपला नवरा कोन हाय, मग बास. त्या बोलणाऱ्या बायकांस्नी बी घेऊन ये म्हनलंय तिला."

तो गेला आणि मी लिहायला बसलो. आता देदीप्यमान म्हणायचं तर मागे अंधार लागतो. भर दुपारी बाराला समई लावली तर ती कोणाला दिसणार? अंधार मला महिपतीनेच आणून दिला होता. टँकर, हंडे, रांग. मी तो घेतला आणि त्यावर त्याची कारकीर्द लख्ख उजळून दिली. लिहून झालं तेव्हा मी स्वतःवर इतका खूश होतो की दोनदा मोठ्याने वाचून काढलं.

सत्कार पार्किंगमध्ये होता. श्यामसुंदररावांनी फलक लावला होता: 'कार्यक्रम वेळेवर सुरू होईल. उशिरा येणाऱ्यांनी मागे उभे राहावे आणि उशीर का झाला हे कोणालाही सांगू नये.' इंदूबाई वेळेच्या आधीच आली होती. ठसठशीत कुंकू, इस्त्री केलेलं लुगडं, बरोबर वस्तीतल्या चौघी बायका. त्यांतली एक हात धुवायला पार्किंगातल्या नळाकडे गेली. तिने नळ सोडला आणि हात धुवून झाल्यावरही तिथेच उभी राहिली.

"अगं ये की," इंदूबाई म्हणाली.

"बघ तर किती जोरात येतंय," ती म्हणाली.

"खाली हाय ना हे. खाली येतंच. वर चढत न्हाई," इंदूबाईने तिला समजावलं. अगदी नवऱ्याच्याच सुरात.

महिपतीच्या डोक्यावर पगडी चढली, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मानपत्र वाचायला श्यामसुंदररावांची नात तनया होती. ती हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत असते आणि आमच्या सगळ्या कार्यक्रमांचं अँकरिंग करते. आदल्या दिवशी येऊन मला म्हणाली होती, "काका, हा देदीप्यमान वर्ड फार हेवी आहे हां. मी त्याच्या आधी एक पॉज घेते, म्हणजे क्लॅप्स येतील."

तिने सुरेख वाचलं. आवाजच असा की रेशन दुकानाची वेळसुद्धा तिने वाचली तर लोक टाळ्या देतील. महिपती हसऱ्या चेहऱ्याने, मान किंचित वर करून बसला होता. तो त्या शब्दाची वाट बघत होता. त्याच्या आधीची वाक्यं त्याच्या कानांवरून जात होती.

"जेव्हा टेकडीवर टँकरपुढे हंड्यावर हंडे आदळत होते," तनया वाचत होती, "तेव्हाही सौख्यधामचा व्हॉल्व्ह आपल्या हातांनी मिटला नाही. ठरलेली वेळ टळून गेली, पण आपली माया आटली नाही. आमच्यासाठी आपण रोज नियम बाजूला ठेवलात. ह्या आपल्या औदार्यामुळेच भर वैशाखात आमची टाकी ओसंडून वाहिली. अशी ही आपली..." तिने ठरल्याप्रमाणे पॉज घेतला, "...देदीप्यमान कारकीर्द!"

टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या. स्वतःच्या वाक्याला टाळ्या वाजवू नयेत, पण त्या दिवशी हात थांबेनात. मग माझी नजर दुसऱ्या रांगेकडे गेली.

त्या पाच बायकांमध्ये कोणीही टाळ्या वाजवत नव्हतं. नळाजवळ उभी राहिलेली बाई इंदूबाईकडे बघत होती. बाकीच्या तिघीही. इंदूबाई सरळ समोर, नवऱ्याकडे. महिपतीने तिच्याकडे बघितलं तेव्हा त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, फक्त त्या हसण्यामागे कोणी नव्हतं.

श्यामसुंदररावांना ह्यातलं काही दिसलं नाही. ते यादीप्रमाणे पुढे गेले. "आता सौ. इंदूबाईंची ओटी भरण्यात येईल, आणि त्यांनी दोन शब्द बोलावेत अशी त्यांना विनंती."

आमच्याकडे 'दोन शब्द' म्हणजे बायकोने लाजून "मला काही बोलता येत नाही" म्हणायचं आणि सगळ्यांनी हसायचं, असा प्रघात आहे. इंदूबाई आली. ओटी घेतली. माइक हातात धरला, पण तोंडापासून लांब, त्यामुळे निम्मं आम्हाला माइकमधून ऐकू आलं आणि निम्मं नुसतंच.

"हे सांगायचे, पाणी चढत न्हाई," ती म्हणाली. "मला खरं वाटलं. ह्या बायका मला बोलायच्या, तुजा नवरा आमचं पाणी दुसरीकडं घालवतोय. म्या भांडले त्यांच्यासंगं. पोराच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेतली. म्हनलं, माजा मानूस असला न्हाई." ती थोडी थांबली. तनयाने घेतला होता तसला पॉज नव्हता तो. "ह्या ताईनं लई चांगलं वाचलं. माज्या पोराच्या डोक्यावरचा हात आता कसा काढू, तेवढं कुनी सांगा."

माइक तिने टेबलावर ठेवला. तो घरंगळला आणि त्याचा 'खर्रर्र' असा आवाज सगळ्या पार्किंगभर झाला. पाचही जणी निघाल्या. श्यामसुंदररावांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी त्यांना येतं ते केलं.

"अल्पोपाहार घेतल्याशिवाय कोणीही जाऊ नये," ते म्हणाले.

कोणी घेतला नाही. उरलेले बटाटेवडे कोणी डब्यात भरून घरीही नेले नाहीत. पुण्यात असं पूर्वी कधी घडल्याची नोंद नाही. आम्ही एकमेकांना न बघता जिने चढलो. लिफ्टमध्ये कोणी शिरेना, कारण लिफ्टमध्ये आरसा आहे. महिपती किती वेळ पगडी घालून बसून राहिला ते मला माहीत नाही. शाल आणि नारळ घेऊन तो गेला. मानपत्राची चौकटही काखेत मारून नेली, असं वॉचमन म्हणाला.

खरी लाज वाटली हो आम्हाला. माझं सोडा, मला बारीकसारीक गोष्टींची लाज वाटत नाही. पण श्यामसुंदरराव संध्याकाळी फिरायला गेले नाहीत आणि त्यांच्या खिडकीतून बातम्यांचा आवाज आला नाही. ती लाज दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकली. सकाळी लोक अंघोळीला बसले, अंगाला साबण लावला, आणि पाणी गेलं.

महिपतीच्या नोकरीचे काही दिवस उरले होते आणि आमचा व्हॉल्व्ह त्याने ठरल्या वेळी बंद केला होता. आमची ठरलेली वेळ काय आहे, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. ती तेव्हा कळली.

श्यामसुंदरराव पंचा गुंडाळून, कानात फेस असलेल्या अवस्थेत गॅलरीत आले. "ही काय पद्धत झाली? आगाऊ सूचना नाही, काही नाही!"

"आजोबा, आपल्याला आपल्या हक्काचं आलंय ना?" तनया आतून म्हणाली.

"तू गप्प बस. तुझे केस धुऊन झालेत म्हणून तुला तत्त्वं सुचतायत."

दोन दिवसांनी पार्किंगमध्ये बैठक झाली. त्याच खुर्च्या, फक्त हार नव्हता. सत्काराच्या दिवशी मान खाली घालून जिने चढलेली माणसं आता ताठ बसली होती. कोणी म्हणालं, वस्तीवाल्यांनी त्याच्यावर दबाव आणला असणार. कोणी म्हणालं, हा कृतघ्नपणा आहे, आपण त्याला पगडी घातली. श्यामसुंदरराव माझ्याकडे वळले.

"दिगंबरपंत, हे नुकसान आपल्या वाक्यामुळे झालेलं आहे. आपणच जा. गोड बोला. त्याच्या जागी नवा माणूस येईल, त्याच्याशीही त्यानेच ओळख करून द्यावी, म्हणजे व्यवस्था चालू राहील."

"आणि नव्या माणसाचं स्वागत?" कोणीतरी विचारलं.

"करू ना. भव्य करू. मानपत्र दिगंबरपंत लिहितील."

मला तिथे नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. संध्याकाळी काठी घेतली आणि टेकडी चढायला लागलो.

वस्तीत पोचलो तेव्हा धाप लागली होती. गल्लीच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ, त्याला करंगळीएवढी धार, आणि पुढे हंड्यांची रांग. पाणी चढलेलं होतं. भरभरून नव्हे, पण चढलेलं होतं. बायका बोलत नव्हत्या. महिपती आपल्या दारात उकिडवा बसला होता. त्याच्याकडे पाठ करून लोक जात होते.

"या काका," तो म्हणाला. "पाण्याचं इचारायला आलाव."

आयुष्यभर मी थापा मारल्या. मी हत्ती दुचाकीवर बसवला आहे, लकडी पुलावरून मगर चालवली आहे. त्या क्षणी मला एक साधी थाप नीट जमली नाही. "छे, छे," मी म्हटलं. "तुमची शाल राहिली होती सोसायटीत."

शाल त्याच्या मागच्या दोरीवर वाळत होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

"घरात बोलत न्हाई ती," तो हळू आवाजात म्हणाला. "जेवायला वाढती. बोलत न्हाई. कुनीच बोलत न्हाई. पाणी येकाएकी चढलं, तवा लोकांस्नी संशय आलाय. त्या चौघींनी बी वर येऊन काय सांगितलं न्हाई कुनाला. म्हनल्या, तिचं तिनं सांगावं. शपथ तिनं घेतली व्हती."

"मग सांगितलं का तिने?"

"तोंड उघडंना तिचं."

इंदूबाई रांगेतून आली. मला बघून तिने पदर सारखा केला. माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, आलात ते बरं झालं. ती तसबीर आत हाय. ती ह्या बायकांम्होरं वाचा. जशी हाय तशी. मला सांगायला जमत न्हाई. तुमाला लिवायला जमलंय, वाचायला बी जमंल."

मी महिपतीकडे बघितलं. त्याला ते वाचलं जावं की नको, हे त्याच्या तोंडावरून कळेना. मी म्हटलं, "इंदूबाई, मी ते दुरुस्त करून लिहितो. दुसरं लिहितो."

"दुसरं नगो. त्यात पुन्ना तुमी चांगलंच लिवाल."

आतून आणून तिने उंबऱ्याशी ठेवलेली चौकट घ्यायला मी वाकलो तेव्हा महिपती उठला. माझ्या हातातून त्याने ती काढून घेतली, जरा जोरातच. "म्या वाचतो," तो म्हणाला.

"तुमाला चष्मा..." इंदूबाई बोलली. सत्कारानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने वाक्य अर्धवट सोडलं.

तो नळापाशी गेला. चौकट हाताच्या अंतरावर धरली आणि वाचायला लागला. चौथी-पाचवी शिकलेल्या माणसासारखं, एकेक अक्षर बोटाने दाबत. माझी जोडाक्षरं त्याच्या जिभेला अडकत होती. माझी कसली वाक्यं होती ती! पार्किंगमध्ये माइकवर ती रेशमासारखी सरकली होती. इथे एकेक शब्द दगडासारखा खाली पडत होता. तनयाने पॉज घेतला होता तो शब्द मथळ्यातही होता, तनयाने मथळा वाचलाच नव्हता. तिथे तो थबकला, दोनदा प्रयत्न केला, मग तो सोडून पुढे गेला. कोणाला काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही.

बायका हंडे भरत ऐकत होत्या. भरलेला हंडा उचलला जायचा, रिकामा पुढे सरकायचा, पण कोणी निघून जात नव्हती.

"जेव्हा टे-क-डी-वर," तो वाचत होता, "टँकरपुढे हंड्यावर हंडे..."

"कुटली टेकडी?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली. तिला कमी ऐकू येत असावं, किंवा येत नसावं असं तिला दाखवायचं असावं.

महिपतीने चौकटीवरून मान वर केली. इंदूबाई रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली होती, हंडा कमरेवर.

"हीच," तो म्हणाला, आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. पुढच्या ओळीत मी 'औदार्य' लिहिलं होतं. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.